मुंबई शहर उत्तरचा इतिहास समजावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सविनय जय भीम.

तुमचे आभार तोंडी मानले होते, पण ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र.

मुंबई शहर उत्तर हा १९५२चा लोकसभा मतदारसंघ आज नकाशावर नाही. बाबासाहेब तिथून हरले एवढं आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. आकडे मला पाठ होते, पण मतदान प्रत्यक्षात कसं झालं, ते तुम्ही सांगितल्यावर कळलं.

तुम्ही ओट्यावरचे चार डबे आणून जमिनीवर मांडलेत. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिन्हं काढून एकेका डब्याला टेकवलीत: बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचं झाड, काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचं विळा-कणीस. माझ्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्यात आणि म्हणालात, "टाक." मी दोन्ही हत्तीत टाकल्या. तुम्ही एक बाहेर काढून बाजूला ठेवलीत. "ही बाद."

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. जागा दोन, त्यातली एक अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणून प्रत्येकाला दोन मतं, पण एका उमेदवाराला एकच. दोन्ही एकाच पेटीत पडली तर मोजणीत एकच धरायचं, असा कायदाच होता. म्हणजे हत्तीवर कितीही जीव असला तरी दुसरं मत दुसरीकडेच द्यावं लागणार, आणि बाबासाहेबांनाही दुसऱ्यांच्या मतदारांचं दुसरं मत लागणार. युती समाजवाद्यांशी होती, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता होते. तेही पडले, विठ्ठल गांधी निवडून आले. बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. ७४,३३३ मतं बाद झाल्याचा मुद्दा त्यात होता, आणि कम्युनिस्टांनी दुसरं मत कुजवायला, म्हणजे वाया घालवायला सांगितलं असा त्यांचे नेते श्रीपाद डांगे यांच्यावर आरोप होता. अर्ज फेटाळला गेला. तुमच्या वडिलांनी गिरणीत, जेवणाच्या सुट्टीत, या 'कुजवलेल्या' मतांवरून किती भांडणं ऐकली, ते तुम्ही सांगत होतात तेव्हा काकूही काम टाकून बसल्या होत्या.

याच्या पुढचं तुम्ही दाखवलंत, त्यासाठी मी खरा ऋणी आहे. पाच वर्षांनी 'शहर उत्तर' हे नाव उपनगरांकडे सरकलं आणि कृष्ण मेनन तिथून निवडून आले. आपला गिरणगाव 'मुंबई शहर मध्य'मध्ये गेला. जागा पुन्हा दोन, मतंही दोनच. पण मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं आणि फेडरेशन व कम्युनिस्ट एकाच संयुक्त महाराष्ट्र समितीत आले होते. १९५७ला तिथून श्रीपाद डांगे आणि फेडरेशनचे गणपत माने, असे दोघेही निवडून आले. ज्या दुसऱ्या मतावरून १९५२ला एवढी कटुता झाली, तेच या वेळी एकमेकांच्या पारड्यात पडलं. तो विजय बघायला बाबासाहेब नव्हते. हे सांगताना तुम्ही थांबलात, मीही काही बोललो नाही.

त्याच निवडणुकीत आंध्रात पार्वतीपुरमला दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मिळाल्या, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. राखीव उमेदवार सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, हे न्यायालयाने मान्य केलं आणि १९६१च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच मोडीत निघाले. मला यात योगायोग दिसत नाही, आणि तुम्हालाही दिसत नाही हे ऐकून बरं वाटलं.

काका, पराभवाचा आकडा सांगणारे खूप भेटले. लोकांनी मत कसं दिलं ते सांगणारे तुम्ही पहिले. तुमच्या वडिलांच्या कात्रणांच्या वहीचे फोटो काढून झाले आहेत, वही कापडात गुंडाळून ठेवली आहे. रविवारी सकाळी आणून देतो. १९६२च्या निवडणुकीची कात्रणं माळ्यावर आहेत म्हणालात, ती मीच चढून काढेन, तुम्ही स्टुलावर चढू नका.

काकूंना नमस्कार.

आपला कृतज्ञ,
डब्यात चिठ्ठ्या टाकणारा मुलगा