दर्शनी भिंतीचे पॅनेलांत भाग पाडायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

वसतिगृहाच्या इमारतीचं शेवटचं पॅनेल चढलं. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. प्रीकास्टमध्ये, म्हणजे आधी साच्यात ओतून मग जागेवर चढवायच्या काँक्रीटच्या कामात, नव्याने येणाऱ्या मुलामुलींनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं, कारण तुम्ही मला जे समजावून दिलंत ते एका जागी लिहिलेलं मला कुठेच मिळालं नव्हतं.

आमच्या ऑफिसात तोवर वीटकामाच्या भिंतींचीच कामं होत. या इमारतीच्या बाहेरच्या भिंती प्रीकास्ट करायच्या ठरल्या आणि रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमधल्या भिंतींचे पॅनेलांत भाग पाडायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही पॅनेलं ओततात त्या यार्डाच्या बाजूने डिटेलिंग, म्हणजे बारकाव्यांची ड्रॉइंग, बघत होतात. आमची ड्रॉइंग तपासून लाल शेरे मारून परत पाठवली असती तरी तुमचं काम पूर्ण झालं असतं. तुम्ही मात्र मला यार्डात बोलावलंत आणि लॅपटॉप उघडू न देता आधी मोल्डपाशी, म्हणजे साच्यापाशी, नेलंत. लोखंडी टेबल, काँक्रीट अडवणारे कडेचे शटर, मधे सरकवता येणारा आडोसा म्हणजे स्टॉपर, सगळं हात लावून बघायला लावलंत. "मोठ्या मोल्डात लहान पॅनेल बसतं, लहानात मोठं बसत नाही. आता सांग, सेटिंग कुठलं लावशील?" हा तुमचा पहिला प्रश्न.

रेव्हिटमध्ये भिंत विभागणाऱ्या रेघांच्या, म्हणजे ग्रिडच्या, सेटिंगमध्ये 'फिक्स्ड डिस्टन्स' (ठरलेलं अंतर) आणि 'मॅक्झिमम स्पेसिंग' (जास्तीत जास्त अंतर) असे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात. दुसरा बघताक्षणी आवडतो. ३००० मिलिमीटरची मर्यादा घातली की भिंतीचे सारखे भाग पडतात आणि काही उरत नाही. तुम्ही वहीवर आमच्याच तीन भिंती मांडून दाखवल्यात. ४२ मीटरच्या भिंतीत बरोबर ३००० चे १४ भाग. २० मीटरच्या भिंतीत ७ भाग, प्रत्येकी २८५७. साडेसतरा मीटरच्या भिंतीत ६ भाग, प्रत्येकी २९१७ च्या आसपास. पडद्यावर तिन्ही भिंती नेटक्या, पण यार्डात तीन वेगळी मापं. म्हणजे भिंत बदलली की स्टॉपर हलवा, सळ्यांची जाळी नव्याने बांधा, लिफ्टिंग हुकांच्या जागा पुन्हा आखा. 'फिक्स्ड डिस्टन्स' ठेवला तर जवळजवळ सगळी पॅनेलं एकाच मापाची येतात. एका भिंतीला २ मीटरचा आणि दुसरीला अडीच मीटरचा असा मजल्यामागे एकेकच तुकडा उरतो. तो मागच्या डक्टच्या बाजूला जावा म्हणून ग्रिडची सुरुवात कुठल्या टोकापासून घ्यायची, तेही तुम्ही दाखवलंत. ॲल्युमिनियमच्या कामात कापणीची मापं बदलली तर फारसं बिघडत नाही, प्रीकास्टमध्ये मोल्डच राजा, हे वाक्य मी आता ऑफिसात सगळ्यांना ऐकवते.

त्या दिवशी चहा घेताना तुम्ही सिडनीच्या ऑपेरा हाऊसची गोष्ट सांगितलीत. वास्तुविशारद योर्न उत्झन यांनी तिच्या आराखड्याची स्पर्धा १९५७ ला जिंकली, पण छपराची कवचं बांधायची कशी हा प्रश्न सुटत नव्हता. १९६१ मध्ये त्यांनी सगळी कवचं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचं ठरवलं, तेव्हा कुठे तेच ते साचे पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले. इमारत १९७३ ला खुली झाली. आमचं साधं चौकोनी वसतिगृह आणि ते छप्पर यांच्यात एकच धागा आहे आणि तो साच्याचा आहे, हे तुमच्यामुळे समजलं.

अभ्यासापुरतं कर्टन वॉलचं (रेव्हिटमधल्या चौकटींच्या भिंतीचं) ग्रिड आणि अंतिम विभागणी पार्ट्सने, म्हणजे भिंतीचे तुकडे करणाऱ्या सोयीने, हा क्रमही तुमचाच. भिंत विभागताना हाताने रेघा न मारता मॉडेलमधल्या मजल्यांच्या लेव्हल आणि रेफरन्स प्लेन (संदर्भाच्या पातळ्या) हेच निवडायला सांगितलंत. पुढे मजल्याची उंची बदलून ३२०० झाली, तेव्हा सगळ्या आडव्या रेघा आपोआप सरकल्या आणि तुमची आठवण आली. दोन पॅनेलांमधल्या फटीच्या, म्हणजे गॅपच्या, रकान्यात २० मिलिमीटर घालताना तुम्ही मला आधी गणित करायला लावलंत. तीन मीटरचं काँक्रीट चाळीस अंशांच्या फरकाने जेमतेम १.२ मिलिमीटर वाढतं. मग बाकीची फट कशाला? कास्टिंगमधला आणि उभारणीतला फरक पोटात घ्यायला, आणि फट बुजवणारं सिलंट नीट बसायला. सेटिंगमधला आकडा का आहे हे कळलं की तो कधी बदलायचा हेही कळतं.

वजनाबद्दल तर किती लिहू! आमचं पॅनेल २९८० बाय ३१८०, जाडी १५०. बिनखिडकीचं पॅनेल साडेतीन टनांच्या जरा वर जातं. दीड बाय एक-वीसची खिडकी आली की २.९ टनांच्या आत. टॉवर क्रेनचा हात जितका लांब जाईल तितकी तिची उचल कमी होते, आणि आमच्या लांबच्या कोपऱ्यावर ती साडेतीन टनांवर येत होती. त्यातच स्लिंग आणि लिफ्टिंग बीमचंही वजन धरायचं. तुम्ही पार्ट्सच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे यादीच्या तक्त्यात, घनफळाशेजारी वजनाचा रकाना लावून दिलात आणि मर्यादेपलीकडचे आकडे लाल दिसतील असं कंडिशनल फॉरमॅटिंग केलंत. लाल झालेल्या त्या बिनखिडकीच्या पॅनेलांचे आपण १४८० चे दोन दोन भाग केले. मधे २० ची फट, म्हणजे पुन्हा बरोबर २९८०. त्याच मोल्डच्या मधोमध स्टॉपर टाकला आणि दोन्ही भाग एकाच वेळी ओतले गेले. ते कास्टिंग बघायला तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत, तो आनंद मी विसरणार नाही.

आणि ड्रॉइंगची दिशा! पॅनेल दर्शनी बाजू खाली ठेवून ओततात, त्यामुळे मोल्डवर वाकलेल्या माणसाला आतली बाजू दिसते. एलिव्हेशनमधली, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या चित्रातली, डावी खिडकी त्याच्या उजवीकडे येते. यार्डात वापरायच्या प्रत्येक शॉप ड्रॉइंगवर 'मोल्डकडून' असं ठळक लिहायची आणि पॅनेलच्या नंबरची जागा ठरवून द्यायची सवय तुम्ही लावलीत. फिटर मामा माझ्याशी ड्रॉइंगवर बोट ठेवून बोलू लागले ते त्यानंतर.

हे सगळं तुम्ही तुमची कामं संपवून, संध्याकाळी यार्डातल्या केबिनमध्ये बसून केलंत. एकदाही "एवढं कसं माहीत नाही?" असं म्हणाला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या परवानगीने ती सेटिंगं आम्ही ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये घातली आहेत, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं कारण मराठीत लिहून ठेवलं आहे. पुढच्या कामात कोपऱ्याला एल आकाराची पॅनेलं आहेत. त्यांचा पहिला आराखडा या आठवड्यात पाठवते. लाल पेन तयार ठेवा.

तुमची,
पुण्याची एक डिटेलर