बूस्ट पंप बंद करून काटा पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोटे विमान शेतात उतरवावे लागले की बातमीत ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच येते. कराडच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना इंधन पंपाविषयी याहून नेमके माहीत असायला हवे.

पायपर चेरोकी या छोट्या विमानाच्या पंखातल्या टाक्या कार्बुरेटरच्या (इंधन-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) खाली असतात. इंधन आपोआप उतरत नाही, खेचावे लागते. त्यासाठी इंजिनवर चालणारा डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) पंप आणि जोडीला विजेवरचा बूस्ट (साहाय्यक) पंप. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी दोन्ही चालू ठेवतात. खरी गोम इथेच आहे: इंजिनचा पंप निकामी झाला तरी बूस्ट वेळ मारून नेतो, इंधनदाबाचा काटाही हिरव्या, म्हणजे सुरक्षित पट्टीतच राहतो. वर गेल्यावर बूस्ट बंद केला की इंजिन आचके देऊ लागते.

म्हणून टॅक्सी करतानाच (विमान जमिनीवर चालवत नेताना) बूस्ट बंद ठेवून दाब पाहावा. चेरोकीतल्या लायकमिंग ओ-320 इंजिनाला किमान 0.5 आणि कमाल 8 पीएसआय (दाबाचे एकक) चालतो. पण रोज 5 दाखवणारा काटा 3 वर आला, तर तो पट्टीत असला तरी पंप उघडून बघायचाच. त्यासाठी रोजचा आकडा वहीत हवा, जो बहुतेक कोणी लिहीत नाही. हवेत बूस्ट बंद करताना पुरेशी उंची असावी आणि काटा स्थिरावेपर्यंत बोट स्विचवरून काढू नये. पंपाच्या वेंट नळीच्या (बाहेर उघडणाऱ्या बारीक नळीच्या) तोंडाशी निळा डाग दिसला, तर डायफ्राम गेला समजा. एव्हगॅस 100 एलएल हे विमानाचे पेट्रोल निळेच असते.

खेचणाऱ्या बाजूची गळती याहून फसवी. टाकी निवडायच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग (रबरी कडी) झिजली किंवा नट सैल राहिला, तर थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवा आत शिरते. एप्रिल-मेच्या उन्हात, गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू केले, तर नळीतल्या इंधनाची वाफही त्यात भर घालते. वार्षिक तपासणीत कार्बुरेटरकडची नळी सोडवून, केवळ बूस्टवर इंधन मोजून घ्यावे. पूर्ण शक्तीला ताशी 50 लिटर लागत असतील, तर पंपाने गरजेच्या 125 टक्के इंधन द्यावे या नियमाने ताशी 62.5, म्हणजे मिनिटाला लिटरभराहून किंचित जास्त आले पाहिजे.

बूस्ट चालू ठेवण्याचा उपाय मात्र सरसकट लावू नये. कॉन्टिनेन्टल कंपनीच्या काही इंजेक्शन (कार्बुरेटरऐवजी इंधन फवारणाऱ्या) इंजिनांत मूळ पंप ठीक असताना बूस्ट ‘हाय’वर टाकला, तर जादा इंधनाने इंजिन बंद पडते. त्या त्या विमानाची पुस्तिकाच प्रमाण.

विमानाला रोटॅक्स 912 इंजिन असेल तर आणखी एक बघावे. त्याला 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते, आणि रस्त्यावरच्या पंपावर आता 20 टक्क्यांचे पेट्रोल मिळते. मोजपात्रात 10 मिली पाणी, वर 100 मिली पेट्रोल घालून हलवा. तळाचे पाणी वाढलेले दिसले तर त्यात इथेनॉल आहे. याच इंजिनाचा पंप आणि इंधनाच्या रबरी नळ्या दर 5 वर्षांनी बदलायच्या असतात, कमी उडाले असले तरीही. प्रशिक्षणाची फी भरण्याआधी ती तारीख लॉगबुकात बघून घ्यावी.

– काही विमान देखभाल अभियंते, कराड (जि. सातारा)