शाळेच्या वह्या पुन्हा उघडा: आयर्लंडच्या वारसा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण, स्थानिक प्रशासन व वारसा मंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

विषय: वाढत्या पॅरिशांमधील (म्हणजे एका चर्चभोवतीच्या गाव-परिसरांमधील) लोकस्मृती शाळांमार्फत नव्याने नोंदवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. घरे आणि वारसा हे दोन्ही विषय आपल्या एकाच खात्यात येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयासाठी आहे, तर ही मराठी प्रत इथल्या नव्या वसाहतींत राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी.

मीथ काउंटीची लोकसंख्या 2016 मध्ये सुमारे 1 लाख 95 हजार होती, ती 2022 च्या जनगणनेत 2 लाख 20 हजारांपुढे गेली, आणि रटोथसारख्या पूर्वीच्या खेड्यात आज दहा हजारांच्या आसपास लोक राहतात. रटोथमधला नॉर्मन काळातला मातीचा गढीचा उंचवटा सरकारी नोंदीत आहे. जवळच्या फेअरीहाउसच्या घोड्यांच्या शर्यतीही कोणी विसरणार नाही, कारण 1916 च्या ईस्टर सोमवारी डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाला तेव्हा अनेक ब्रिटिश अधिकारी तिथे शर्यत पाहण्यात गुंतले होते, ही गोष्ट इतिहासात पक्की बसली आहे. काळजी आहे ती किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची: कोणत्या शेताला काय म्हणत, लोहाराची भट्टी कुठे होती, कोणत्या विहिरीवर कोणत्या दुखण्यासाठी लोक जात, मैदान होण्याआधी सामने कुणाच्या कुरणात होत. शेतावर घरे बांधण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञ तिथली माती तपासतात, परंतु शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याला काही विचारावे, अशी सोय त्या प्रक्रियेत नाही.

ही सोय आपल्या देशाने एकदा करून दाखवली आहे. 1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सव्वीस काउंट्यांतल्या सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना घरीदारी वडीलधाऱ्यांकडून गोष्टी, उपाय, जत्रा, दुष्काळाच्या आठवणी लिहून आणायला सांगितले. जवळपास 50,000 मुलांनी ते काम केले, आणि त्यांचे लेखन आज राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात जपलेले असून बऱ्याच अंशी संगणकावर कोणालाही वाचता येते. शिक्षकांवर भार पडेल, असा आक्षेप आजही येईल. पण त्या वेळी निबंधाच्या तासालाच हे लेखन करून घेतले होते, जास्तीचा तास मागितला नव्हता. मला तरी त्या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते.

मोठी शहरे त्या वेळी बहुतांशी वगळली होती. रटोथसारखी गावे आता धड खेडीही नाहीत आणि शहरेही नाहीत, आणि दुसऱ्या फेरीची गरज अशाच पॅरिशांना आहे. फरक एवढाच, की तेव्हाच्या मुलांचे आजोबा बहुधा त्याच पंचक्रोशीत असत, तर आज एखाद्याचे सांगलीला, दुसऱ्याचे पोलंडमधल्या क्राकोला असतात. म्हणून आता मुलांनी शेजाऱ्यांना विचारावे लागेल, आणि नव्या-जुन्या कुटुंबांची ओळख करून देणारे याहून स्वस्त साधन मला तरी दिसत नाही. गेलिक म्हणजे पारंपरिक आयरिश खेळांचे क्लब हे काम चांगले करतात, हे खरे, परंतु ज्याला हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) वा गेलिक फुटबॉलचा नाद नाही त्याने कुठे जावे?

माझी मागणी मर्यादित आहे. झपाट्याने वाढणाऱ्या काही पॅरिशांत शिक्षण खाते आणि राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रह यांच्या सहकार्याने एका शालेय वर्षापुरती ही योजना राबवावी. माहिती देणाऱ्यांची लेखी संमती घ्यावी, कारण 1937 चे सैल नियम आज चालणार नाहीत. नोंदींची एक प्रत स्थानिक वाचनालयात ठेवावी, आणि नव्या वसाहतींना नावे देताना काउंटी परिषदेने ती आधी चाळावी, म्हणजे जिथे कधीच ओकचे झाड नव्हते तिथे ‘ओक’ नावाच्या गल्ल्या तरी उगवणार नाहीत. येत्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद होणार का, याचे उत्तर आपण लेखी द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
मीथ काउंटीतील एक मराठी रहिवासी