मित्र गेल्याचं दुःख

प्रिय बाळा,

"आई, मी त्याच्या घरचा कुणी नव्हतो. मग मलाच एवढं का होतंय?" हे तू परवा फोनवर विचारलंस, तेव्हा मला धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

कुणी गेलं की लोक आईवडिलांना भेटतात, भावंडांना धीर देतात. मित्राला कुणी विचारत नाही. रजा मागायची तर नातं काय सांगायचं, इथपासून अडतं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशाच दुःखावर लिहिलंय. चारचौघं ज्याला दुःख मानतच नाहीत, ते माणसाला एकट्यानेच सोसावं लागतं आणि म्हणून अधिक जड जातं. शाळेपासून ज्याच्याशी रोज बोलत होतास, तो गेलाय. रड, मनसोक्त रड.

दुःखाच्या त्या पाच पायऱ्या तुला कुणीतरी ऐकवल्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. म्हणजे त्या मुळात जाणाऱ्याच्या पायऱ्या, मागे राहणाऱ्याच्या नव्हेत. तेव्हा 'मला अजून राग कसा आला नाही' असला हिशेब मांडत बसू नकोस.

नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांचं १९९९ मधलं म्हणणं मला जास्त पटतं. माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करत राहतो आणि त्याला दोन्ही लागतं. मॅच बघताना खळखळून हसलास आणि लगेच ओशाळलास ना? हसलास म्हणजे त्याला विसरलास असं नाही रे. सवयीने त्याला मेसेज टाइप करतोस आणि अर्ध्यावर थांबतोस, तेही वेडेपण नव्हे. त्याचा नंबर पुसायची घाई करू नकोस.

"काही लागलं तर सांग" म्हणणारे बरेच असतील. त्यांना खरंच सांग, पण नेमकं सांग. "आज रात्री माझ्याकडे राहायला ये." "फिरायला चल, बोललं नाही तरी चालेल." काय करावं हे न कळल्यामुळेच पुष्कळ जण लांब राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच राहिली आणि रोजची कामंही होईनाशी झाली, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटायचं. यावर उपचार आहेत. आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर एक क्षणही थांबू नकोस. मध्यरात्र असली तरी मला उठव.

आता त्याच्या आईबद्दल. "काय तोंडाने जाऊ?" म्हणालास. अरे, तिला सांत्वनाची वाक्यं नकोच आहेत. त्याचं लहानपण तिच्यापाशी आहे, हॉस्टेलची वर्षं तुझ्यापाशी. तो परीक्षेच्या आदल्या रात्री काय करायचा, कुणावर चिडायचा, तिच्याबद्दल काय बोलायचा, ते तिला सांग. ती रडेल, तूही रडशील. रडू दे. एकट्याने जायचं धाडस होत नसेल तर रविवारी मी येते, दोघं जाऊ.

तुझी,
आई