स्पॅम कळवताना एवढं बघा

मंडळी, आपल्या मेल सर्व्हरवर परत लोन आणि लॉटरीवाल्या मेलचा सुळसुळाट झालाय, तुम्ही कळवता म्हणूनच ब्लॉक करता येतं हे खरं, पण नुसता स्क्रीनशॉट पाठवून काही उपयोग होत नाही. फ्रॉममध्ये दिसणारा पत्ता कोणीही खोटा टाकू शकतं, कधीकधी तर आपलाच असतो, मग काय स्वतःलाच ब्लॉक करायचं का? मेल कुठल्या आयपीवरून (म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नंबरवरून) आला ते हेडरमधल्या (मेलसोबत येणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीतल्या) रिसीव्ह्ड ओळींत असतं आणि साधा फॉरवर्ड केला की ते हेडर येतच नाहीत, म्हणून मेल अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करा, थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये मेसेज मेनूत 'फॉरवर्ड ॲज' आहे बघा. जीमेलवरून आलेल्या स्पॅमला आयपी ब्लॉक चालत नाही, सगळ्यांचेच चांगले मेल अडकतील, तिथे तेवढा पत्ता अडवतो.

आणि प्लीज, स्वतःच घेतलेलं न्यूजलेटर नको झालं तर अनसबस्क्राइब करा, स्पॅम म्हणून कळवू नका, स्पॅम ओळखणारा फिल्टर चुकीचं शिकतो आणि मग भलत्याच कोणाचं बँक स्टेटमेंट जंकमध्ये जातं. अनोळखी स्पॅममधल्या अनसबस्क्राइबवर मात्र क्लिक नको, पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं.

चुकून कोणी चांगला माणूस ब्लॉक झाला असेल तर तेही सांगा, ब्लॉक काढून टाकतो.