मळीची वाटणी

लायडन,
९ नोव्हेंबर

प्रिय संतोष,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला असणार, म्हणजे हे पत्र तू रात्रपाळीतच वाचशील. परवा फोनवर तू विचारलंस, "इंडस्ट्रियल इकॉलॉजी म्हणजे कारखान्याच्या आवारात झाडं लावायची काय रे?" ट्रेन आली म्हणून उत्तर राहिलं. इथं निम्मा जीव ट्रेनमध्येच जातो. पदवी एक, नेदरलँड्समधली विद्यापीठं दोन: लायडन आणि डेल्फ्ट. दोन वर्षं, १२० क्रेडिट आणि सायकलवर कायम समोरून येणारा वारा. वर्गात केमिकलवाले आहेत, अर्थशास्त्रवाले आहेत, एक फर्निचर डिझाइन करणारी मुलगी आहे. गटात काम करायचं म्हटलं की पहिला आठवडा एकमेकांचं बोलणं कळण्यातच जातो.

मूळ कल्पना साधी आहे. १९८९ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या फ्रॉश आणि गॅलोपोलस या दोघांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं की कारखान्यांचंही निसर्गासारखं असावं, एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचा कच्चा माल. वाचलं आणि मला तुमचाच कारखाना आठवला. चिपाडाचं बगॅस बॉयलरला, साखर काढून उरलेली पातळ मळी डिस्टिलरीला, रस गाळून उरलेलं प्रेसमड शेताला. आपल्याकडे त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही, एवढंच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लोकांनी म्हैसूरजवळच्या नंजनगुड औद्योगिक वसाहतीचा अभ्यास करून २०१० मध्ये निबंध छापला. तिथलं जवळजवळ सगळं टाकाऊ कुठं ना कुठं वापरात जात होतं. वर्गातल्या पोरांना नवल वाटलं. मला भंगारवाल्याची हाक ऐकू आली.

मग कर्ज काढून तिकडं काय शिकतोस, म्हणशील. वाटणी शिकतोय, लेका.

लायडनची सीएमएल ही पर्यावरणशास्त्राची संस्था १९७८ची. कुठल्याही वस्तूचा शेतापासून राखेपर्यंतचा, पर्यावरणावरच्या ओझ्याचा हिशेब कसा मांडायचा, याची १९९२ मधली त्यांची मार्गदर्शिका या विषयात पायाची मानतात. आमच्या गटानं हिशेबाला घेतलं मळीपासूनचं एक लिटर इथेनॉल (सुचवलं अर्थात मीच). उसाला लागलेलं पाणी, युरिया, पंपाची वीज, तोडणी-वाहतुकीचं डिझेल हे सगळं आधी उसाच्या नावावर चढवलं. इथवर भांडण नाही. पण त्या उसातून साखरही निघते आणि मळीही. मग ओझं कुणाच्या डोक्यावर किती?

शंभर टन उसामागे ११ टन साखर आणि ४ टन मळी धरली. बगॅस तिथंच जळतं म्हणून बाजूला ठेवलं. वजनावर वाटलं तर मळीच्या वाट्याला चौथाईहून जास्त ओझं येतं. भावावर वाटलं, मळीचा भाव साखरेच्या पाव धरला, तर बारावा हिस्सा. ऊस तोच, शेत तेच, आणि इथेनॉल एका कागदावर तिपटीनं पापी! कुणी म्हणालं मळी टाकाऊच, तिला शून्य द्या. मी म्हटलं, मळीसाठी आमच्याकडे किती ओढाताण चालते ते बघा आधी. भावाभावांतली जमिनीची वाटणी तू बघितली आहेस. इथं तलाठी नाही, एवढाच फरक. आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं, शक्यतो वाटणी टाळाच. आपले आजोबाही तेच म्हणायचे.

आता तुझ्या कामाचं. डेल्फ्टच्या पलीकडे वेस्टलँड म्हणून भाग आहे, नजर जाईल तिकडं काचेची हरितगृहं. टोमॅटो, ढोबळी मिरची, फुलं. रोपं जोमानं वाढावीत म्हणून आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यासाठी भर उन्हाळ्यात, ऊब नको असतानाही, नैसर्गिक वायू जाळायचे. २००५ पासून रॉटरडॅमच्या रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड एका जुन्या, बंद पडलेल्या तेलवाहिनीतून त्यांना मिळू लागला. पुढं इथेनॉलच्या एका कारखान्याच्या फर्मेंटरमधला, म्हणजे आंबवण्याच्या टाक्यांतलाही त्यात आला. म्हणजे तुझ्या टाक्यांवरून उडून जातो तोच! तू मला एकदा टाकीजवळ नेलं होतंस, मी वाकलो आणि तू कॉलर धरून मागं ओढलंस, आठवतं? लिटरमागे पाऊण किलो निघतो. ३० हजार लिटरची डिस्टिलरी म्हणजे दिवसाला २२ टन.

पण लगेच चेअरमनसाहेबांकडे धावू नकोस. तो कार्बन डायऑक्साइड टोमॅटोत फार थोडा उतरतो, बाकीचा खिडक्यांतून बाहेर. बचत होते ती न जाळलेल्या नैसर्गिक वायूची. आपल्या शेतकऱ्यानं वायू जाळलाच नव्हता, मग वाचलं काय? हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा पहिल्यांदा सरांनी माझं नाव नीट उच्चारलं.

एक काम कर. कारखाना तुमचाच, डिस्टिलरीही तुमचीच, मग मळी आपल्याच घरात कोणत्या भावानं देता-घेता? तो भाव कोण ठरवतं? आणि लिटरमागे स्पेंटवॉश (डिस्टिलरीत उरणारं सांडपाणी) किती निघतो? कारखान्याचं नाव कुठंही येणार नाही. शुक्रवारी गट बसतोय, तेवढ्यात कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक

ता. क. इथं प्लास्टिकच्या छोट्या बाटलीवर १५ सेंट अनामत असते. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बाटल्या मीच गोळा करून दुकानात देतो. हे आमच्या घरी बोलू नकोस.