टाचेचा थेंब आणि माहेरचा पत्ता

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी इस्पितळातल्या नर्सबाईंनी बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचली, रक्ताचे चार-पाच थेंब जाड कागदावर टिपून घेतले आणि फॉर्म भरला. पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा. नवरा बोटीवर नोकरीला, त्याचं इथलं सिम कपाटात. आणि भाची तिथून थेट सत्तरी तालुक्यात आमच्याकडे आली, कारण पहिलं बाळंतपण माहेरचं. आमच्या घरी फोन लागतो तो पायरीवर उभं राहिलं तरच.

बाळ फार गुणी, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. रडत नाही, नुसतं झोपतं, दुधासाठीही उठवावं लागतं. कावीळ रेंगाळली तर म्हटलं, पावसात कोवळं ऊन कुठून मिळणार! सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणीही ठेवली, सटवी येऊन नशीब लिहिते म्हणून. टाचेच्या थेंबांचा रिपोर्ट मात्र आमच्यापर्यंत आला तेविसाव्या दिवशी, सासरच्या शेजारणीच्या हस्ते. थायरॉइडचा आकडा वाढलेला होता, बाळाला ताबडतोब परत आणा, असा निरोप होता. इस्पितळातून तीनदा फोन केला होता म्हणे. केला असेलच. कपाटात वाजला असेल.

मी निवृत्त शिक्षिका, डॉक्टर नव्हे. पण त्या आठवड्यात जे समजून घेतलं त्यानं माझी झोप उडाली. जन्मजात थायरॉइडचा दोष, म्हणजे गळ्यातली ही ग्रंथी कमी काम करते आणि म्हणून तपासणीतला आकडा चढतो, तो आपल्या देशात साधारण हजार-अकराशे बाळांत एकाला असतो. जन्मताच बाळ बहुधा ठीकठाक दिसतं. मेंदूची वाढ मात्र अडू लागते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर असं मूल इतरांसारखंच वाढतं, शिकतं. महिने गेले तर गेलेली बुद्धी पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही. आणि गोळी कसली? चिमुकली, आईच्या दुधात कुस्करून रोज एकदा द्यायची. आठवडाभराची जवळपास एका चहाच्या पैशांत येते. याच थेंबांतून कळणारे काही आजार तर दोन आठवडेही थांबत नाहीत. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या एका दोषात शरीरातलं मीठ घटून बाळ दुसऱ्या आठवड्यातच कोसळू शकतं. गॅलेक्टोसेमियात, म्हणजे दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याच्या आजारात, आईचं दूधच बाधतं.

आमच्या मुलीची गोळी सव्विसाव्या दिवशी सुरू झाली. आता ती हसते, मान धरते. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, 'बघूया' म्हणतात.

2008 साली गोव्यानं सरकारी इस्पितळांत नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली, तेव्हा असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य होतं. याचा मला अभिमान आहे. म्हणून सुरुवात करा, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. कागदावर थेंब पडल्यापासून बाळाच्या तोंडात गोळी पडेपर्यंत किती दिवस गेले, हे कोण मोजतं, एवढंच विचारायचं आहे. किती बाळांची तपासणी झाली हा आकडा भाषणात शोभतो. मला हा दुसरा आकडा हवा आहे, इस्पितळवार, दरवर्षी, सगळ्यांना वाचता येईल असा. खाजगी प्रसूतिगृहांचाही.

यासाठी नवं यंत्र लागत नाही. फॉर्मवर दोन रकाने वाढवा: 'पहिला महिना आई-बाळ कुठे राहणार' आणि 'तिथल्या घरातला फोन'. बाळंतीण सासरी असेल हे धरून चालणारा फॉर्म बाळंतपण न पाहिलेल्या माणसानंच केला असावा! दोनदा फोन लागला नाही तर त्या गावच्या आरोग्यकेंद्राला कळवा. तिथली नर्स किंवा अंगणवाडीसेविका दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत गोवा केवढासा! घरी बाळंतपण इथं जवळजवळ होतच नाही, म्हणजे प्रत्येक बाळाची नोंद कुठल्या ना कुठल्या इस्पितळात आहेच. आणि चोवीस तासांच्या आत घरी सोडलेल्या बाळाला पुन्हा बोलवा. जन्मानंतर लगेच थायरॉइडचा आकडा आपोआप चढतो, त्यामुळे खरं चित्र 48 ते 72 तासांच्या दरम्यान घेतलेल्या थेंबातच नीट दिसतं.

अजून एक, तसं लहानसं. तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता निघाली तर 'काही नाही, जपा' एवढंच सांगून घरी पाठवतात, असं एका ओळखीच्या आईनं सांगितलं. काय जपायचं? आमच्याकडे बाळाची दुपटी आजीच्या मऊ लुगड्यांची, आणि ती लुगडी वर्षानुवर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत. अशा बाळाच्या रक्तपेशी त्या वासानंही फुटू शकतात. मलेरियावरचं प्रायमाक्विनही त्याला चालत नाही. हे सगळं एका छोट्या कार्डावर मावेल. मराठी, कोकणी, हिंदी आणि बांधकामांवर राबणाऱ्या आयांसाठी कन्नडमध्ये छापा.

पुढच्या महिन्यात आमच्या मुलीची पुन्हा रक्ततपासणी आहे. मी बरोबर जाणार आहे. फॉर्मवर माहेरचा रकाना आला आहे का, ते बघेन. नसला तर समासात स्वतःच्या हातानं लिहीन.

आपली,
सत्तरीतली एक मावशी